कोलेज द फ्राँस : पदवी न देणारे ज्ञानपीठ

पॅरिसच्या लॅटिन क्वार्टर भागात, सोरबॉनच्या शेजारी असलेल्या कोलेज द फ्राँस या संस्थेत व्याख्यान ऐकण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही आणि पूर्वीची शैक्षणिक पात्रताही दाखवावी लागत नाही. संस्था परीक्षा घेत नाही व पदवीही देत नाही. त्यामुळे देशातील अग्रगण्य विद्वान येथे शिकवत असले, तरी त्यांच्यासमोर बसलेल्यांना रूढ अर्थाने विद्यार्थी म्हणता येत नाही; ते केवळ श्रोते असतात.

संस्थेचा उगम 1530 मधला आहे. ग्यिओम ब्युदे या ग्रीकच्या पंडिताने लावून धरल्यामुळे राजा पहिला फ्रान्स्वा याने ग्रीक, हिब्रू आणि गणित या विषयांसाठी ‘राजवाचक’ नेमले, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकाराबाहेर राहून थेट राजाकडून वेतन घेणारे अध्यापक. ग्रीक व हिब्रू शिकलेला माणूस बायबल मूळ भाषेतून वाचू शकेल आणि चर्चने प्रमाण मानलेल्या लॅटिन पाठाविषयी शंका घेऊ लागेल, हे धर्मशास्त्राच्या अध्यापकांनी तत्काळ ओळखले आणि काही वर्षांतच या राजवाचकांना न्यायालयात खेचले. वेतन वेळेवर मिळण्याची शाश्वती नव्हती, स्वतःची इमारतही दीर्घकाळ नव्हती. तरीही राजाश्रयामुळे विद्यापीठाच्या चौकटीत न बसणाऱ्या विषयांना येथे जागा मिळाली, आणि हाच पुढे संस्थेचा स्थायिभाव झाला.

तो टिकला याचे श्रेय अध्यासनांच्या रचनेला द्यावे लागेल. अध्यासन म्हणजे एखाद्या विषयासाठी निर्माण केलेले प्राध्यापकपद. इतरत्र ते बहुधा कायमचे असते व व्यक्ती बदलत राहतात, परंतु येथे प्राध्यापक निवृत्त झाला किंवा निधन पावला की रिकाम्या पदावर कोणता विषय आणायचा याचा निर्णय प्राध्यापकांची सभा नव्याने करते, आणि त्यानंतरच व्यक्तीची निवड होते. निवडीसाठी विशिष्ट पदवीची अट नाही. तत्त्वज्ञ झाँ इप्पोलित यांच्या निधनानंतर ‘तत्त्वचिंतनाचा इतिहास’ हे अध्यासन संपले व त्याच्या जागी ‘विचारप्रणालींचा इतिहास’ हे नवे अध्यासन निर्माण होऊन 1970 मध्ये त्यावर मिशेल फुको यांची निवड झाली, हे या पद्धतीचे बोलके उदाहरण होय.

प्राध्यापकावर मुख्य बंधन एकच, पण ते कठोर आहे : दरवर्षी त्याने आपले नवे संशोधन मांडले पाहिजे. तयार टिपणे वर्षानुवर्षे वाचून दाखवण्याची मुभा येथे नाही, म्हणून श्रोत्याच्या कानावर पडतो तो पाठ्यपुस्तकात स्थिरावलेला सिद्धान्त नव्हे, तर अजून चाचपडत असलेला, पुढच्या वर्षी कदाचित मागे घेतला जाणारा विचार. फुको यांची व्याख्याने ऐकण्यास इतकी गर्दी होई की एक सभागृह पुरत नसे आणि शेजारच्या सभागृहात ध्वनिक्षेपक लावावे लागत. 1976 मध्ये गर्दी ओसरावी म्हणून त्यांनी व्याख्यानाची वेळ संध्याकाळवरून सकाळवर आणली. एवढ्या समुदायाशी संवाद होत नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती आणि ती रास्तच होती, कारण प्रवेश जितका मुक्त, तितकी प्रश्नोत्तराची शक्यता कमी, हा पेच या व्यवस्थेच्या मुळाशीच आहे. मात्र त्याच श्रोत्यांनी ध्वनिफितींवर मुद्रित केलेल्या शब्दांमुळे ती व्याख्याने 1997 पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली.

व्याख्यान सर्वांसाठी खुले असले की ते राजकीयही ठरते. इतिहासकार झ्युल मिशले यांची व्याख्याने जानेवारी 1848 मध्ये सरकारने बंद पाडली आणि पुढच्याच महिन्यात राजसत्ता कोसळली. पोलिश कवी आदाम मित्सकेविच यांच्यावर तत्पूर्वीच अशी वेळ आली होती. 1862 मध्ये एर्नेस्त रनाँ यांनी हिब्रूच्या अध्यासनावरील पहिल्याच व्याख्यानात येशूचा उल्लेख अतुलनीय मानव असा केला, तेव्हा त्यांचे व्याख्यानसत्र स्थगित झाले आणि पद परत मिळण्यास 1870 उजाडावे लागले. बंद खोलीत पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले तेच विधान सत्ताधाऱ्यांना इतके झोंबले नसते.

भारतविद्येचा येथील वारसाही जुना आहे. संस्कृतच्या अध्यासनावरून युजेन ब्युर्नुफ यांनी ऋग्वेदावर दिलेली व्याख्याने तरुण माक्स म्युलर यांनी ऐकली आणि त्यांतूनच ऋग्वेदाच्या संपादनाची दिशा त्यांना मिळाली. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया घालणारा ग्रंथ फ्रेंच भाषेत लिहिणारे झ्युल ब्लोक हेही 1937 पासून याच अध्यासनावर होते. त्यांचा तो ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 मध्ये मराठीत आणला.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मात्र निवृत्तीपर्यंत चालणाऱ्या अध्यासनाची कल्पना अपुरी पडते, कारण विषयच काही वर्षांत रूप पालटतो. म्हणून एका वर्षापुरती नेमणूक असलेले तंत्रवैज्ञानिक नवोपक्रमाचे अध्यासन निर्माण झाले, आणि त्यावरून 2008 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेरार बेरी यांनी जग अंकीय का व कसे होत आहे, याची मांडणी सामान्य श्रोत्यांपुढे केली. त्यानंतर 2012 मध्ये त्यांच्यासाठी स्थायी अध्यासन झाले, तर 2018 मध्ये सॉफ्टवेअरच्या शास्त्राचे वेगळे अध्यासन झाव्हिए लरुआ यांच्याकडे आले. संगणकशास्त्राला स्वतंत्र विद्या म्हणून येथे स्थिर जागा मिळण्यास एवढा काळ लागावा, ही या संस्थेच्या लौकिकाला न शोभणारी दिरंगाई होती.