संग्रहालयांचा ठेवा : पाहण्यापुरता की वापरण्यासाठीही?

अ‍ॅमस्टरडॅम येथील राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातील गोवळकोंडा शैलीच्या व्यक्तिचित्रांचा एक संग्रह आहे. त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. आज कोणताही वाचक, शिक्षक किंवा प्रकाशक हे चित्र घरबसल्या उतरवून घेऊ शकतो आणि शुल्क न भरता पुस्तकात छापू शकतो. संग्रहालयाने आपल्या संग्रहातील जुन्या कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांच्या वापरासाठी खुल्या केल्यामुळे हे शक्य झाले आहे.

या निर्णयामागे एक व्यावहारिक कारण होते. योहानेस व्हर्मिर या चित्रकाराच्या ‘दूधवाली’ या प्रसिद्ध चित्राच्या सुमारे १० हजार प्रती इंटरनेटवर फिरत असल्याचे राइक्सम्युझियमला आढळले. त्यांतील बहुतेक निकृष्ट आणि पिवळसर होत्या. परिणामी, संग्रहालयाच्या दुकानातील योग्य रंगांची पोस्टकार्डेच प्रेक्षकांना खोटी वाटू लागली. चुकीच्या प्रतींवर उत्तम उपाय म्हणजे अस्सल प्रत स्वतःच उपलब्ध करून देणे, हे यातून स्पष्ट झाले. २०१२ मध्ये या संग्रहालयाने सव्वा लाख कलाकृतींच्या प्रतिमा ऑनलाइन आणल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख, तर अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रतिमा विनामूल्य पाहता येणे म्हणजे ती मुक्तपणे वापरता येणे नव्हे. वस्तू शेकडो वर्षे जुनी असली, तरी तिच्या नव्या छायाचित्रावर स्वामित्वहक्क सांगितला जाऊ शकतो. म्हणून ही संग्रहालये प्रतिमांवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स झीरो’ हे चिन्ह लावतात. आपले सर्व हक्क आपण सोडून दिले आहेत, असा त्याचा अर्थ होतो. ‘केवळ अव्यावसायिक वापरासाठी’ अशी अट घातलेली प्रतिमा विकिमीडिया कॉमन्ससारखे मुक्त प्रकल्प स्वीकारत नाहीत.

प्रतिमेइतकेच महत्त्व तिच्या माहितीला आहे. नोंदणी क्रमांक, काळ, माध्यम, आकार, प्राप्तिस्थान हा तपशील नसेल, तर चित्र शोधणेच अवघड होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या मुक्त माहितीकोशात प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तिचे नाव अनेक भाषांत नोंदवता येते. त्यामुळे डच भाषेत नोंदवलेली वस्तू मराठीत शोधणाऱ्यालाही सापडू शकते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरो येथील ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहाचा फार मोठा भाग त्यात नष्ट झाला. त्यानंतर विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना प्रेक्षकांकडील छायाचित्रे गोळा करण्याचे आवाहन करावे लागले. नवी दिल्लीतील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालयही २६ एप्रिल २०१६ रोजी आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. वस्तूची जागा प्रतिमा घेऊ शकत नाही. मात्र अनेक ठिकाणी जपलेली नोंद एका आगीत नष्ट होत नाही.

भारतात पुण्याच्या ‘सी-डॅक’ने विकसित केलेल्या ‘जतन’ या संगणक प्रणालीच्या आधारे राष्ट्रीय स्तरावरील प्रमुख संग्रहालयांच्या नोंदी एका संकेतस्थळावर आणण्यात आल्या आहेत. संग्रह पाहण्याची सोय त्यामुळे झाली. आता प्रत्येक प्रतिमेखाली वापराचे हक्क स्पष्ट नोंदवणे ही पुढची पायरी ठरते.

अर्थात, सर्वच संग्रह खुला करता येत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क कायम राहतो. मानवी अवशेष किंवा एखाद्या समाजाच्या पवित्र वस्तू यांबाबत त्या समाजाची संमती महत्त्वाची ठरते. शिवाय दर्जेदार छायाचित्रण आणि नोंदींची तपासणी यांसाठी मनुष्यबळ व निधी लागतो. छायाचित्रांच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न बुडेल, अशीही भीती असते. त्यामुळे हक्कांबाबत कोणताही वाद नसलेल्या जुन्या वस्तूंच्या लहान संचापासून सुरुवात करणे कोणत्याही संग्रहालयासाठी व्यवहार्य मार्ग आहे.