शासन, समाज आणि लोकसेवा : बाबासाहेबांची दृष्टी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण सारे भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. शासनाने काय करावे, समाजाने काय करावे आणि लोकसेवक कसा असावा, याविषयीचे त्यांचे विचार समजून घेण्यासाठी मात्र आम्हास प्रथम महाडकडे वळावेसे वाटते.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण स्वीकारले. पुढील वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही स्पृश्यांच्या विरोधामुळे अस्पृश्यांना तेथे पाणी घेता येईना. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्राशन केले. त्यानंतरही उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले.

ठराव झाला, तो कागदावर राहिला. समाजाचे मन बदलले नव्हते. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बजावले, की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारी माणसे वाईट निघाली तर तेही वाईटच ठरेल. राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया हवा. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. राजकारणातील विभूतिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग आहे, असाही इशारा त्यांनी त्याच भाषणात दिला. तो आपणा अनुयायांनाही लागू आहे, याचा विसर पडू नये.

पद हे त्यांच्या लेखी लोकहिताचे साधन होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामगारांच्या कामाचे तास व कल्याण या प्रश्नांना हात घातला. पुढे हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हाती सत्ता नव्हती तेव्हाही त्यांची सेवा थांबली नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले होते.

निवासी शाळेत विविध गावांची मुले एका पंगतीत जेवतात, एकाच नळाचे पाणी पितात. ज्या बंधुतेसाठी महाडला संघर्ष करावा लागला, तिचा सराव येथे रोज घडतो. येथून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या तलाठी होवो, शिक्षक होवो वा आमदार. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे, हे त्याने आपल्या वर्तनाने सिद्ध करावे, हीच आमची अपेक्षा.