बंद झालेली गोळी कॅप्सूलमधून परत येते तेव्हा

आजचा विषय ठरवून घेतलेला नाही. झालं असं, की गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता आमच्या ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा, फोन आला. "झोपच लागत नाहीये रे, छातीत नुसती धडधड होतेय." लग्न दोन महिन्यांवर. बाईसाहेबांनी इन्स्टाग्रामवरून 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल मागवल्या होत्या आणि पंधरा दिवसांत साडेतीन किलो उतरले म्हणून खूश होत्या. सकाळी डॉक्टरांकडे नेलं, तर बीपी वाढलेलं आणि नाडी ११० च्या वर. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आधी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या आणि मग विचारलं, "सिब्युट्रामिन हे नाव ऐकलंय का कधी?"

त्या कॅप्सूल कुठल्या लॅबमध्ये गेल्या नाहीत, थेट कचऱ्यात गेल्या. पण ते नाव माझ्या डोक्यात अडकलं, आणि पुढचे चार रविवार त्यातच गेले.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९९० च्या दशकात. तिथे 'फेन-फेन' नावाची जोडगोळी तुफान चालली होती. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन. दोन्ही औषधांना वेगवेगळी मंजुरी होती, एकत्र घ्यायला नव्हती, पण डॉक्टर एकत्र लिहून देत होते. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ महिलांच्या केसेस छापल्या. सगळ्या फेन-फेन घेणाऱ्या, आणि सगळ्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडलेल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं.

आता भुकेच्या गोळीचा हृदयाच्या झडपेशी काय संबंध? माझ्यातल्या इंजिनिअरला इथेच मजा वाटली. फेनफ्लुरामिन सेरोटोनिन वापरून मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. पण शरीराने सेरोटोनिन फक्त भुकेसाठी ठेवलेलं नाही. झडपेच्या पेशींवरही त्याचे रिसेप्टर आहेत, आणि ते सारखे चालू राहिले तर पेशी वाढतात, झडप जाड होते, नीट मिटत नाही. म्हणजे बघा, एकच फंक्शन दहा ठिकाणांहून कॉल होतंय, तुम्ही एका स्क्रीनसाठी ते बदललंत आणि भलतंच मॉड्यूल कोसळलं.

फेनफ्लुरामिन गेलं आणि दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १९९७ मध्ये, सिब्युट्रामिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. खरं तर हे आधी डिप्रेशनसाठी तपासलं जात होतं, तेव्हा लक्षात आलं की लोकांचं वजन उतरतंय. झडपांचा प्रश्न इथे नव्हता. पण हे सेरोटोनिनसोबत नॉरअॅड्रेनालिनही वाढवतं, आणि त्याने नाडी आणि बीपी वाढतं. हे गुपित नव्हतं बरं का! अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने १९९६ मध्येच ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं होतं, की फायद्यापेक्षा धोका जास्त दिसतोय. तरी औषध आलं. सोबत सूचना आली, की हृदयविकार असलेल्यांनी घेऊ नये.

मग 'स्काउट' नावाची मोठी चाचणी झाली. जवळपास ९,८०० माणसं, वय ५५ च्या पुढे, हृदयविकार किंवा डायबेटिस किंवा दोन्ही असलेली. निम्म्यांना सिब्युट्रामिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निकाल असा, की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे गंभीर घटना बिनऔषधाच्या गटात १०.० टक्के आणि सिब्युट्रामिनच्या गटात ११.४ टक्के. म्हणजे हजार माणसांमागे १४ जास्त. बदल्यात वजनातला फरक किती? सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास. १०० किलोच्या माणसामागे अडीच किलो!

कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद असा होता, की चाचणीतल्या बऱ्याच लोकांना हे औषध द्यायचंच नव्हतं, लेबलवर तसं लिहिलेलंच होतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण युरोपच्या औषध संस्थेचं म्हणणं वेगळं होतं. ज्यांचं वजन खूप आहे त्यांच्यातच हृदयाचा धोका जास्त असतो, आणि बऱ्याच जणांना तो आहे हे माहीतही नसतं. मला हे पटतं. 'रीडमीमध्ये लिहिलं होतं' असं म्हणून प्रॉडक्शनमधला बग माफ होत नाही. जानेवारी २०१० मध्ये युरोपने औषध थांबवायला सांगितलं, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ते मागे घेतलं गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारताने बंदी घातली.

मधल्या मधे एक 'बग फिक्स'सुद्धा येऊन गेला. लॉर्कासेरिन, २०१२. हे खास भुकेच्याच रिसेप्टरवर बसेल, झडपेच्या नाही, असं बनवलेलं. हृदयाच्या चाचणीत पासही झालं. पण सुमारे १२,००० लोकांच्या त्याच चाचणीत कॅन्सर ७.७ टक्क्यांना निघाला, बिनऔषधाच्या गटात ७.१. फेब्रुवारी २०२० मध्ये तेही गेलं.

आता तुम्ही विचारणार, मग मौंजारो आणि वेगोवीचं काय? दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली. वेगोवीमधल्या सेमाग्लुटाइडची 'सिलेक्ट' नावाची चाचणी १७,६०४ लोकांवर झाली, हृदयविकार असलेल्या पण डायबेटिस नसलेल्या. गंभीर घटना बिनऔषधाच्या गटात ८.० टक्के, औषधाच्या गटात ६.५. जिथे सिब्युट्रामिन नापास झालं, तसल्याच परीक्षेत हे पास झालं. उलट्या, पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज, हे सगळं आहेच. म्हणून ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात, जिमवाल्या मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची नसतात.

पण खरी भीती मला चिठ्ठीवाल्या औषधांची नाही, ताईच्या पाकिटाची वाटते. अमेरिकेच्या एफडीएने 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूल तपासल्या, तर कित्येकांत पुन्हापुन्हा सिब्युट्रामिन सापडलंय. बाजारातून काढलेलं औषध, आता लेबलशिवाय, डोस माहीत नसलेलं. विकणाऱ्याचं गणित सोपं आहे. नुसत्या पाल्याच्या भुकटीने पंधरा दिवसांत भूक मेली नसती आणि ताईने दुसरं पाकीट मागवलं नसतं.

अशा कॅप्सूल घेऊन कुणाला धडधड, निद्रानाश, छातीत दुखणं होत असेल तर आधी डॉक्टर गाठा, आणि आमच्यासारखं पाकीट फेकू नका, सोबत न्या. कुठल्याही औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार तुम्ही स्वतःसुद्धा करू शकता, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फेन-फेनची गोष्टसुद्धा २४ केसेसवरूनच उघडकीला आली होती.

ताईची नाडी आता ७८ आहे. गेलेल्या साडेतीनपैकी अडीच किलो परत आलेत, आणि ब्लाउज उसवायला पुन्हा टेलरकडे गेलाय. भेटू पुढच्या शुक्रवारी!