कचऱ्याचा ढीग, कचऱ्याची वीज आणि हवेचा हिशेब

नांदेडचा कचरा तुप्पा येथे आणि लातूरचा वरवंटी येथे वर्षानुवर्षे जात आला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार या दोन शहरांची लोकसंख्या सुमारे 9 लाख 33 हजार होती. माणशी दररोज 400 ग्रॅम कचरा धरला, तरी तेवढ्या लोकसंख्येचा कचरा 370 टनांवर जातो. तो ढिगावर टाकावा की जाळून त्यापासून वीज करावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा जागा आणि खर्च यांच्या अंगाने होते. हवेचा हिशेब मात्र मागे राहतो.

ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तेथे भाजीपाला, शिळे अन्न, पालापाचोळा कुजून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या मुदतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट उष्णता धरून ठेवतो. प्रचलित आंतरराष्ट्रीय गणनापद्धतीप्रमाणे, पाच मीटरपेक्षा उंच ढिगातील एक टन अन्नकचऱ्यापासून सुमारे 40 किलो मिथेन निघतो. म्हणजेच एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भार. ढीग उथळ असेल, तर हा आकडा निम्म्यावर येतो. गंमत अशी की, नीट दाबून, मातीने झाकलेल्या शास्त्रोक्त भरावातून, वायू गोळा करण्याची सोय नसेल तर, तो अधिकच निघतो.

मग कचरा जाळणे बरे काय? अन्नकचरा जाळल्यास मिथेन टळतो, आणि निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकांनी हवेतूनच घेतलेला असल्याने तो नवा भार मानीत नाहीत. प्लास्टिकचे मात्र उलट आहे. ढिगात ते जवळजवळ तसेच पडून राहते. एक टन पॉलिथिन जाळले, तर तीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या विजेने परळीसारख्या औष्णिक केंद्रातील कोळसा वाचतो हे खरे. परंतु ही वजाबाकी करूनही प्लास्टिकच्या बाबतीत फारसे हाती लागत नाही.

शिवाय आपला कचरा ओला. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 मध्ये उभारलेला 300 टनांचा प्रकल्प कचऱ्यात पुरेशी उष्णता नसल्यामुळे चाचणीचे काही दिवस चालून बंद पडला. पिंपरी-चिंचवडचा मोशी येथील प्रकल्प 2023 मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता दररोज 700 टनांची आहे. नांदेड आणि लातूर यांचा वर धरलेला सगळा कचरा एकत्र केला, तरी तेवढी भट्टी भरत नाही.

तेव्हा या शहरांपुरता प्रश्न ढीग की भट्टी असा उरत नाही. ओला कचरा घरातच वेगळा निघाला, तर त्याचे खत हवेशीर कुजवून होते आणि मिथेन नाममात्र निघतो. गावोगावच्या नाडेप टाक्यांत हेच घडते. वेगळे न करता एकत्र केलेला कचरा मात्र ना नीट जळतो, ना त्याचे चांगले खत होते.

जुन्या ढिगाचे काय, हा भाग निराळा. उद्यापासून एक टोपलीही तेथे पडली नाही, तरी आत गाडला गेलेला कचरा पुढील कित्येक वर्षे वायू सोडीत राहतो. म्हणून जैविक खनन, म्हणजे ढीग उकरून, वाळवून, चाळून माती, दगड व प्लास्टिक वेगळे करणे, हे काम नव्या कचऱ्याच्या व्यवस्थेबरोबरच हाती घ्यावे लागते.