तापीचे पूरबंध आणि मत्स्यजीवन

शिंदखेडे तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या तापीस मुडावद येथे पांझरा मिळते. अशा संगमाजवळ पूरबंध काठास लगटून घातल्यास प्रवाह आकसतो, पाण्याची पातळी व वेग वाढतो. शिवाय पूर ओसंडून काठावर जी उथळ डबकी होतात व जेथे माशांची पिले वाढतात, ती नाहीशी होतात. वायव्य अमेरिकेत सॅमन माशासाठी काही नद्यांचे बंध मागे सरकविण्यात आले, त्याचे कारण हेच. तापीत समुद्रातून वर येणाऱ्या हिलशाची वाट काक्रापार (१९५३) व उकाई (१९७२) येथील बांधकामांनी अडविली. ती मागे सरकविलेल्या बंधाने मोकळी होणार नाही. स्थानिक माशांना मात्र त्याचा लाभ संभवतो. त्याची किंमत सुपीक गाळजमिनीत मोजावी लागते. म्हणून शेतकऱ्याचा मोबदला हा आराखड्याचाच भाग मानला पाहिजे.