अपस्मार आणि कार्यिक झटके : निदानातील हकिकतीचे स्थान

देवगडसारख्या बंदराच्या गावी कोणास आकडी आली, तर डॉक्टरांपाशी नेईपर्यंत ती बहुधा ओसरलेली असते. रुग्ण थकून निजलेला, कोणी कांदा हुंगविलेला, कोणी हातात किल्ली दिलेली, आणि सभोवती ‘फेफरे’, ‘वारे’, ‘बाहेरचे’ असे तर्क चाललेले. झटका तपासणाऱ्यास दिसतच नाही. हाती येते ती केवळ हकीकत. निदानाची भिस्त तिच्यावरच असते, आणि तीत चूक झाल्यास रुग्णास नको ती औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

अपस्मारात मेंदूतील पेशींचे समूह एकाच वेळी अनिर्बंध विद्युत्-स्फुरण करू लागतात. कार्यिक झटक्यांत असे स्फुरण नसते; शरीर व भान यांवरील मेंदूचा ताबा तेवढा काही काळ सुटतो. हे ढोंग नव्हे, हे आग्रहाने सांगावयास हवे. ‘योषापस्मार’ या आयुर्वेदात रूढ झालेल्या संज्ञेने हा विकार स्त्रियांच्या माथी मारला. वस्तुतः तो पुरुषांतही आढळतो. देवस्थानातील अवसर ही मात्र निराळी गोष्ट होय; विधीच्या चौकटीत येणारा आवेश रोग ठरत नाही.

मग भेद कसा करावयाचा? झटक्याच्या वेळी डोळे उघडे होते की मिटलेले, हा प्रश्न साधा, पण मोलाचा. अपस्मारात ते बहुधा उघडे राहतात. त्याचा मोठा झटका सामान्यतः दोन-तीन मिनिटांत आटोपतो. कार्यिक झटका पुष्कळदा लांबतो, मध्येच मंदावून पुन्हा उसळतो, मान या कुशीवरून त्या कुशीवर हलत राहते. जिभेच्या कडेचा चावा अपस्मार सुचवितो. पडून झालेली इजा मात्र दोहोंतही आढळते. चरकाने अपस्माराचे लक्षण स्मृतिलोपावर आधारले. परंतु कार्यिक झटक्यानंतरही अनेकांस काही आठवत नाही. एकट्या लक्षणावर निर्णय देऊ नये, हेच खरे.

हान्स बर्गर याने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेला मेंदूचा विद्युत्-आलेख येथे साहाय्यक ठरतो. तथापि दोन झटक्यांमधील काळात तो अपस्मारातही निर्दोष येऊ शकतो. झटका चालू असता आलेख व चित्रण एकत्र घेणे ही उत्तम कसोटी. पण तालुक्याच्या गावी ती कोठून मिळणार? तेथे घरच्या माणसाने मोबाइलवर टिपलेले दोन मिनिटांचे चित्रण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञासही उपयोगी पडते.

अपस्मारावर योग्य औषध नियमित घेतल्यास बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबतात. कार्यिक झटक्यांवर त्या औषधांचा गुण येत नाही. तेथे निदान नीट समजावून सांगणे हाच उपचाराचा आरंभ, आणि त्यापुढे मानसोपचार. ब्रिटनमधील ३६८ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) अशा उपचाराने वर्षअखेर झटक्यांची मासिक संख्या लक्षणीय घटली नाही. दैनंदिन जीवन व मनःस्थिती मात्र सुधारली. काही रुग्णांत दोन्ही विकार एकत्र असतात, म्हणून चालू औषध एकाएकी तोडणे धोक्याचे.

नावाचा शिक्काही लहान नव्हे. वारंवार येणारा अपस्मार हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहास बाधक ठरला होता. १९९९ मध्ये ती अट वगळली गेली. झटके चालू असेतो होडीवर वा आंब्याच्या झाडावर एकट्याने जाऊ नये, ही सूचना मात्र दोन्ही प्रकारच्या रुग्णांस सारखीच द्यावी लागते.