केयी चुकलेली नाही

भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या खिडकीतून दिसतात अशा, फेकरीतल्या एका शाळेतली, तिसरीतल्या पोराची वही माझ्या हाती आली. निबंध 'माझे गाव'. आठ ओळी आणि पाच लाल गोल: केयी, शाया, सकाय, डोये, भुसावय. खाली शेरा, 'शुद्धलेखन सुधारा'.

मी ते गोल पुन्हा पुन्हा बघत राहिलो. चुका पाच दिसतात, पण आहे ती एकच. जिथे ळ हवा तिथे य, आणि तोही न चुकता. निष्काळजी पोराच्या चुका वाटेल तशा उधळलेल्या असतात. हे पोर तर नियम पाळत होतं. लेवा गणबोली, तावडी, अहिराणी, पलीकडची वऱ्हाडी, या सगळ्या पट्ट्यात ळ चा य होतो. त्याची आजी, बाप, केळीच्या बागेतला मजूर, सगळे 'केयी'च म्हणतात.

एकदा 'ळ' म्हणून बघा. जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं आणि हवा जिभेच्या कडांवरून निसटते. आता ते टोक सैल सोडा, जीभ मध्यभागी थोडी उचला. झाला य! स्पॅनिशमध्येही असंच काहीसं झालं. तिथला जोड-ल कधीकाळी 'ल्य'सारखा उच्चारायचे, आज बहुतेक ठिकाणी तो 'य'कडे सरकला आहे. फेकरीच्या पोराची जीभ आणि माद्रिदची जीभ एकाच उतारावरून घसरली म्हणायची.

खरी गंमत त्याच्याही मागे आहे. संस्कृतात फल, कमल, कदली. मराठीत फळ, कमळ, केळी. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा ल प्राकृतातून येता येता ळ झाला. शब्दाच्या सुरुवातीचा ल मात्र तसाच राहिला, म्हणून 'लोक' आणि 'लाज' आहेत, पण ळ ने सुरू होणारा शब्द मराठी माणसाला सापडत नाही. म्हणजे 'फळ' ही एके काळी 'फल'ची चूकच होती. खानदेशाने तिला आणखी एक पाऊल पुढे नेलं, एवढंच.

आणि या पावलाला आपण मान दिलेला आहेच की. बहिणाबाई चौधरी १८८० साली इथून जवळच असोद्याला जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात गाणी सुचायची; ती मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ साली पुस्तकरूपात आली. त्यांच्या 'मन' कवितेतला 'वढाय' हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. वढाय म्हणजे ओढाळ. सुरुवातीच्या ओ चा व, शेवटच्या ळ चा य. २०१८ पासून जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पुस्तकात 'वढाय' आलं की आपण माना डोलावतो, आणि वहीत 'शाया' आली की लाल पेन काढतो.

१९७९ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात, अशाच प्रकरणाचा निकाल चक्क न्यायालयात लागला. काळ्या मुलांच्या घरच्या इंग्रजीची दखल शाळा घेत नाही आणि त्यामुळे ती वाचनात मागे पडतात, अशी पालकांची तक्रार होती. न्यायाधीश जॉइनर यांनी शाळामंडळाला सांगितलं की शिक्षकांना ही बोली ओळखायला आणि तिचा उपयोग करून वाचन शिकवायला मदत करा. मुलांना नव्हे, शिक्षकांना शिकवा! आपल्याकडे डी.एड.च्या पोराला फळा कसा पुसायचा ते सांगतात, फळ्याला 'फया' का म्हणतात ते कुणी सांगत नाही.

ते माहीत नसलं की काय होतं? त्याच वहीत पुढे एक वाक्य होतं: 'गाळ दूध देते.' वर्गात हशा झाला असणार. पण बघा, पोराने काय केलं. य लिहिला की गोल पडतो, एवढं त्याने हेरलं आणि गाईच्या य चाही ळ करून टाकला. केयीतला य आणि गायीतला य त्याच्या कानाला एकच. कुठला य वहीत जाताना ळ होतो हे कानाने कळणारच नाही, एकेक शब्द डोळ्यांनी ओळखीचा करावा लागतो. 'नीट ऐका आणि लिहा' ही सूचना इथे अगदी कुचकामी.

एका सरांनी मग फळ्यावर दोन रांगा पाडल्या. एकीत केयी-केळी, सकाय-सकाळ, नय-नळ. दुसरीत गाय-गाय, पाय-पाय, सोय-सोय. वीजकेंद्राच्या कॉलनीतली, कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेली पोरंही कान टवकारून बसली. त्यांना पहिल्यांदाच काही येत नव्हतं. गावची पोरं शब्द पुरवत सुटली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मंग भुसावय कुठी लिहू?"